दिव्याचा ताबा कोणाकडे

जबाब

नाव: दिवेवालीबाई (गावात व बंदर कचेरीत याच नावाने ओळख). वय: बेचाळीसच्या आसपास. धंदा: सरकारी दीपगृहाची रखवालदार, सध्या आहे किंवा नाही, याबद्दल खाली सांगितले आहे. राहणार: बंदरासमोरच्या खडकावर, मनोऱ्याला लागून असलेल्या दोन खोल्या.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी माझ्या सासूबाईंसोबत राहते. आम्हा दोघींशिवाय खडकावर कोणी राहत नाही. माझे पती त्या दिव्याचे रखवालदार होते. त्यांच्या हयातीतही वात कातरणे, काचा पुसणे, दिवा फिरवणाऱ्या यंत्राला चावी देणे ही कामे मी करत असे, कारण काम दोन माणसांचे आणि नेमणूक एकाची, अशी तिथली पद्धत पहिल्यापासून आहे.

पती तापाने वारले तेव्हा समुद्र खवळलेला होता व बंदरातून होडी येऊ शकत नव्हती. होडी येईपर्यंत दिवा मीच लावला. तेव्हाचे बंदरसाहेब म्हणाले, "दुसरा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा, बाई." दुसरा माणूस मिळाला नाही. ते साहेब बदलून गेले. मी बघत राहिले. बाईमाणसाने सरकारी दिवा सांभाळल्याचे या किनाऱ्यावर यापूर्वी कधी झाले नव्हते, असे नंतर लोकांकडून कळले. तेव्हा मला ते माहीत नव्हते, त्यामुळे वेगळे काही वाटले नाही.

दोन महिन्यांपूर्वी वरच्या कचेरीतले मोठे गोरे साहेब तपासणीला आले. सोबत दुभाषी होता. साहेबांनी विचारले, "रखवालदार कुठे आहे?" मी म्हटले, "मीच." त्यांनी विचारले, "तुमचे यजमान?" मी म्हटले, "वारले." साहेबांनी मान हलवली, खुर्ची मागितली आणि बसले. मला वाटले दमले असतील. मग दुभाष्याने हळूच सांगितले की साहेब रखवालदाराची वाट बघत आहेत. वरच्या कचेरीच्या कागदांत इतकी वर्षे मी पुरुष होते, हे मला त्या दिवशी समजले. साहेब वर जाऊन आले, भिंगांवर बोट फिरवून बोट बघितले आणि होडीत बसले. पंधरवड्याने बंदर कचेरीतून तोंडी निरोप आला की पुरुष रखवालदार नेमला आहे, तो येईल तेव्हा ताबा द्यावा व जागा मोकळी करावी. तो कोण, कसा, कधी येणार, यातले काही कळवले नव्हते.

गेल्या मंगळवारी दुपारी जोराचा वारा होता. सासूबाई दारात बसल्या होत्या. त्यांना ऐकू फार कमी येते, पण नजर घारीची आहे. त्यांनी मला हाक मारली, "अगं, कोणीतरी येतंय बघ. येतंय की वाहतंय, ते मात्र कळत नाही." मी धक्क्यावर गेले. एक लहान होडी, तीत एकच माणूस, हातात एकच वल्हे. मी दोर फेकला. पहिल्यांदा त्याला धरता आला नाही, दुसऱ्यांदा धरला. सासूबाई आणि मी मिळून ओढले. तो पायऱ्यांवर आला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. मी एका दमात विचारले, "लागलंय का कुठे? नवे रखवालदार तुम्हीच ना?" तो म्हणाला, "हो."

फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, ते "हो" पहिल्या प्रश्नाला होते की दुसऱ्या, हे मला तेव्हा सुचले नाही. आता सुचते आहे. त्याला लागलेले होते, हे खरे. त्याने आपण होऊन मी नवीन रखवालदार आहे असे म्हटल्याचे मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिले. आम्हीच त्याला नवे म्हटले आणि तो नवा झाला.

होडीच्या कडेला लाल पट्टा होता. बंदराच्या होड्यांना तसा नसतो. हे माझ्या लक्षात आले नाही असे नाही. आले, पण सरकारने या वेळी नवी होडी दिली असेल असे वाटले. अशा वाऱ्यात माणसाला एकट्याने कशाला पाठवले, याचेही नवल वाटले. पण निरोपही तसाच अर्धवट आला होता, तेव्हा माणूसही अर्धवट आला, असे मी धरले.

ओले कपडे बदलताना त्याच्या पाठीवर वळ दिसले. काही जुने, काही ताजे. सासूबाई म्हणाल्या, "खडकावर आपटला बिचारा," आणि तेल गरम करायला गेल्या. खडकावर आपटलेल्या माणसाला एकाशेजारी एक असे सरळ वळ उठत नाहीत. ही गोष्ट लिहिण्याची गरज नाही असे कारकुनांचे म्हणणे पडले. ती लिहावी अशी मी विनंती केल्यावरून लिहिली आहे.

दिवस मावळण्यापूर्वी मी त्याला वर नेले आणि किल्ली हातात दिली. म्हटले, "आजपासून दिवा तुमच्याकडे."

तो म्हणाला, "माझ्याकडे?"

मी म्हटले, "सरकारचाच आहे. पण तुमच्याकडे."

तो भिंगांकडे पाहत राहिला. त्यांत माणूस उलटा दिसतो. पहिल्यांदा येणारा ते बघतोच, म्हणून मी घाई केली नाही. मग काम दाखवले. वात किती ठेवायची, काजळी कशी कातरायची, यंत्राचे वजन खाली उतरत गेले की चावी देऊन वर कसे घ्यायचे, आणि सकाळी भिंगांवर पडदा का ओढायचा. नाही ओढला तर ऊन भिंगांतून आत येते आणि आग लागते. त्याने सगळे ऐकले, पण एकदाही किनाऱ्याकडे पाहिले नाही. समुद्राकडेच पाहत होता.

त्याला काम येत नव्हते तेव्हा शंका आली नाही का, असे साहेब विचारतात. वरून नेमून आलेल्या माणसाला काम येत नाही, यात शंका येण्यासारखे मला काही वाटले नाही.

त्या दिवशी त्याने वात जास्त मोठी ठेवली आणि काच काळी झाली. मी ती पुन्हा पुसली. दुसऱ्या दिवशी मी वर जाण्याआधीच त्याने पुसून ठेवली होती. त्यानंतर दिवेलागणीला मी खालीच बसले. इतक्या वर्षांत त्या वेळेला मी खाली कधी नव्हते. सासूबाईंनी विचारले, "ते भांडं किती वेळ पुसणार आहेस?" मी बघितले तर भांडे केव्हाच कोरडे झाले होते.

माझी ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. ती बघून त्याने विचारले, "बाई, तुम्ही आता जाणार कुठे?"

"भावाकडे."

"बोलावलंय का त्यांनी?"

"तो नको म्हणत नाही."

बुधवारी आणि गुरुवारीही वारा तसाच होता, त्यामुळे होडी येण्याचा प्रश्न नव्हता आणि माझ्या जाण्याचाही. सासूबाई त्याला "नव्या" म्हणू लागल्या. तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचा आणि त्या हसायच्या. काय बोलायचा ते मला माहीत नाही. गुरुवारी सकाळी मी काचा दाखवत असताना तो म्हणाला, "बाई, मला एक सांगायचं होतं." मी म्हटले, "आधी ही काच पुसून घ्या, सांगाल मग." त्याने काच पुसली. नंतर त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. का विचारले नाही, असे साहेब विचारतात. तीन दिवसांत घरात तीन माणसांचा आवाज झाला होता, एवढेच सांगता येईल.

शुक्रवारी सकाळी वारा पडला आणि धुके उतरले. धुक्यात दिव्याचा उपयोग नसतो, म्हणून वरच्या गॅलरीत घंटा आहे. धुके असेपर्यंत ती थांबून थांबून वाजवत राहावे लागते. तो म्हणाला, "मी वाजवतो." मी म्हटले, "तुम्ही धक्क्यावर दोर घेऊन थांबा. वारा पडलाय, आज कोणीतरी येणार." ताबा त्याच्याकडे असताना हुकूम मी कसा दिला, असे साहेब विचारतात. सवयीने दिला असेल. त्यानेही तो सवय असल्यासारखाच मानला.

थोड्या वेळाने लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मग माणसे ओरडली. आवाज डावीकडून आला असे वाटले, मग उजवीकडून. धुक्यात आवाजाला दिशा नसते. मी घंटा थांबवली नाही. थांबवली असती तर पाण्यातल्या माणसांना खडक कुठे आहे हेच कळले नसते. त्यामुळे खाली जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. सासूबाईंनी पाहिले. त्या सांगतात तसे सांगते.

बंदराची होडी आमच्या धक्क्याजवळच्या खडकावर आदळून उलटली होती. तीत तिघे होते: होडी चालवणारा तांडेल, ठाण्याचे हवालदार आणि एक किडकिडीत तरुण गृहस्थ. नव्याने दोराचे एक टोक धक्क्याच्या कडीला बांधले, दुसरे स्वतःच्या कमरेला, आणि पाण्यात उतरला. आधी त्या तरुणाला आणले. मग हवालदारांना. तांडेल फुटक्या फळीला धरून होता, तो दोर हाती आल्यावर आपला आपण आला. हवालदारांना पोहता येत नाही. त्यांनी नव्याच्या गळ्याला घातलेली मिठी पायऱ्यांवर आल्यावरही सोडली नव्हती. दोघांची तोंडे समोरासमोर होती आणि त्यांच्यात काहीतरी बोलणे झाले. काय झाले ते सासूबाईंना ऐकू आले नाही आणि मी वर घंटेपाशी होते.

हवालदार आता याच खोलीत बसले आहेत. डोळ्यांत खारे पाणी गेल्याने आपल्याला वाचवणाऱ्याची ओळख पटली नाही, असे त्यांनी त्यांच्या जबाबात सांगितल्याचे मला कळले. मला त्याबद्दल काही सांगायचे नाही.

धुके विरळ झाल्यावर मी खाली आले. चुलीपुढे तिघे कुडकुडत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "हे बघ, आणखी एक नवा आलाय. याला कुठे निजवायचं?"

तो तरुण उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी नवीन रखवालदार."

मी म्हटले, "नवे तर मंगळवारीच आले."

"कुठले नवे?"

"तुम्हाला पाण्यातून काढलं ते."

"अहो, पण नेमणूक माझी झालीये."

मी तांडेलाकडे बघितले. तांडेल म्हणाला, "मी ज्याला आणला तो हा. मंगळवारी बंदरातून कोणी निघालंच नाही, बाई. त्या वाऱ्यात कोण निघतंय?"

मग हवालदारांनी सांगितले की ते वेगळ्याच कामाला आले होते. बंदरात नांगरलेल्या एका जहाजावरून मंगळवारी एक खलाशी जहाजाची लहान होडी घेऊन पळाला होता. होडीला लाल पट्टा. तो आजूबाजूला कुठे लागला का, याची चौकशी करायची होती. ते हे सगळे खाली बघून सांगत होते. मी विचारले, "मग तो आत्ता कुठे आहे?" कोणालाच माहीत नव्हते. मी धक्क्यावर गेले. लाल पट्ट्याची होडी तिथे नव्हती. दोर मात्र गुंडाळून ठेवलेला होता, मी दाखवला होता तसाच.

त्या वेळी मला काय वाटले असे साहेब विचारतात. फसवले गेल्याचा राग यायला हवा होता. मी रागाची वाट बघितली, पण तो आला नाही. डोक्यात एकच घोळ होता की ताबा मी एकाला दिला, तो नवा नव्हता. आणि जो नवा होता त्याला द्यायला माझ्याकडे ताबा उरलेला नव्हता.

दुपारी मी खऱ्या नव्यांना मनोरा दाखवायला नेले. जिना गोल आहे आणि मध्ये पोकळ आहे. अर्ध्यावर जाऊन ते पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. म्हणाले, "बाई, किती आहे अजून?" मी म्हटले, "एवढंच आहे अजून." ते म्हणाले, "मला उंचीवर भोवळ येते. मी कचेरीत तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, तिथे राहायला बंगला आहे." ते रडवेले झाले होते. मी त्यांचा हात धरून, बसत बसत खाली आणले. त्यांना नावे ठेवण्यासारखे यात काही नाही. ज्याला भोवळ येते त्याला येते. खाली आल्यावर ते म्हणाले, "मी ताबा घेत नाही, बाई. तुमचा तुम्हीच ठेवा." मी म्हटले, "माझा असता तर ठेवला असता."

शुक्रवारी दिवा मी लावला. कोणाच्या अधिकारात लावला, हे विचारल्यावर सांगते की माहीत नाही. अंधार पडत होता.

शनिवारी सकाळी मासेमारीची एक होडी जवळून चालली होती. तांडेलाने तिला हाका मारून बोलावले. हवालदार म्हणाले की मलाही जबाबासाठी यावे लागेल. मी विचारले, "आणि दिवा?" ते म्हणाले, "दुपारपर्यंत परत सोडतो, माझा शब्द." मी सासूबाईंना सांगून निघाले; खरे नवेही आमच्यासोबत होडीत बसले. ठाण्यात आलो तर फौजदारसाहेब फेरीवर गेलेले. इथेच बाकावर बसले. दुपारनंतर पुन्हा वारा सुटला आणि बंदरातून कोणी होडी काढायला तयार होईना. हवालदारांनी तिघा-चौघांना विचारले. ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. वाऱ्यापुढे कोणाचा शब्द चालत नाही.

दिवस मावळताना मी बंदराच्या भिंतीवर जाऊन उभी राहिले. हवालदारही मागे येऊन उभे राहिले. खडकावर सासूबाई एकट्या होत्या आणि त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. पती गेल्यापासून त्या वर गेलेल्या नाहीत. दिव्याची वेळ झाली. वेळ होऊन गेली. मागच्या रस्त्यावर माणसे नेहमीसारखी चालली होती. दिवा लागला तर कोणी वर बघत नाही, आणि नाही लागला हे कळायला वेळ लागतो. बाहेर एक जहाज बंदराकडे येत होते. मी भिंतीवर बसले.

मग दिवा लागला.

हवालदार म्हणाले, "बघा, म्हातारीनं लावला." वात नीट कातरलेली होती, ज्योत स्थिर होती आणि दिवा फिरत होता. यंत्राला चावी द्यायला खांद्यात जोर लागतो. सासूबाईंचा हात पाण्याचा हंडा उचलतानाही थरथरतो. हे मी हवालदारांना बोलले नाही, हे कबूल करते. त्यांनाही ते समजले असावे. कारण त्यानंतर त्यांनी म्हातारीचे नाव पुन्हा काढले नाही आणि आम्ही दोघे बराच वेळ तिथेच होतो.

आज सकाळी वारा उतरल्यावर हवालदार, तांडेल आणि मी होडीने खडकावर गेलो. धक्क्यावर तो उभा होता. त्याने आमचा दोर झेलला आणि कडीला बांधला. लाल पट्ट्याची होडी त्याच्या शेजारी होती. तीत पाण्याचे मडके आणि बांधलेले गाठोडे होते.

घरात सासूबाई खाटेवर होत्या. डाव्या पायाला काठी लावून फडक्याने घट्ट बांधले होते. त्यांनी सांगितले की संध्याकाळ झाली, मी आले नाही, म्हणून त्या बसत बसत जिना चढायला लागल्या आणि काही पायऱ्यांवरून घसरल्या. उठता येईना. तिथेच पडून राहिल्या. नव्या शुक्रवारपासून खडकाच्या मागच्या बाजूच्या कपारीत होडी घेऊन दडला होता. हवालदार खडकावर असेपर्यंत बाहेर पडता येईना, म्हणून शनिवारी रात्रीच्या अंधारात निघून जायचा त्याचा बेत होता. पण अंधार पडला तरी दिवा लागेना, म्हणून तो बघायला वर आला, तर जिन्यात सासूबाई पडलेल्या. सासूबाईंच्या बोलण्याप्रमाणे त्याने त्यांना उचलून खाली आणले, मग धावत वर जाऊन दिवा लावला, मग खाली येऊन पाय बांधला. "मी त्याला म्हटलं, आता तू जा रे बाबा. तर म्हणतो कसा, आई, तुम्हाला असं टाकून गेलो तर दिव्याला चावी कोण देणार. नाव माझं घेतो आणि काळजी दिव्याची करतो, लबाड." हे सासूबाईंचे शब्द आहेत.

हवालदारांनी त्याला म्हटले, "चल."

तो म्हणाला, "भिंगांवरचा पडदा ओढायचा राहिलाय. ओढून येतो."

हवालदार म्हणाले, "ये ओढून." ते त्याच्या मागे गेले नाहीत. तो वर गेला, पडदा ओढला आणि खाली आला. मग त्याने आणि तांडेलाने मिळून सासूबाईंना खाटेसकट होडीत ठेवले आणि लाल पट्ट्याची होडी मागे बांधून घेतली. वाटेत लाट आली की तो खाट दोन्ही हातांनी धरून ठेवायचा. त्याचे हात बांधलेले नव्हते. ते का नव्हते याचा खुलासा हवालदारांनी करावा. सासूबाई आता डॉक्टरांकडे आहेत. हाड मोडले आहे, महिनाभर हलायचे नाही असे सांगितले आहे.

तो माणूस सध्या ठाण्याच्या कोठडीत आहे. मला तिथे नेऊन विचारले की हा तोच आहे काय. तोच आहे. त्याने मला नमस्कार केला आणि सासूबाईंचे कसे आहे ते विचारले. मी सांगितले.

त्याच्यावर जहाजावरून पळणे, होडी चोरणे आणि सरकारी नोकर असल्याची बतावणी करणे, असे तीन आरोप असल्याचे साहेबांनी सांगितले. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मला माहिती नाही. त्याची पाठ मी पाहिली आहे, ते वर सांगितले आहे. तिसऱ्याबद्दल माझा गोंधळ आहे. त्याने बतावणी केली म्हणावी, तर बतावणी करणाऱ्याने दिवा लावला आणि नेमलेल्याने लावला नाही. मी त्याला नेमला म्हणावे, तर नेमायची मला सत्ता नाही. मी स्वतःच नेमलेली आहे की नुसती राहून गेलेली आहे, हे मला कोणी सांगितलेले नाही. शनिवारी खडकावर सरकारचा एकही माणूस नव्हता आणि दिवा लागलेला गावाने पाहिला. तो सरकारचा धरायचा की नाही, हे साहेबांनी ठरवावे. माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

साहेबांनी सांगितले की ते जहाज शुक्रवारीच दुपारी, धुके उठल्यावर, निघून गेले आहे. पुढच्या बंदरावर कळवून कप्तानाचे म्हणणे मागवावे लागेल. त्याला बरेच आठवडे लागतील. तोवर आरोपीला कोठडीत ठेवावे लागेल आणि चौकशी पुरी होईपर्यंत मलाही गावात थांबावे लागेल.

त्यावर मी सांगितले की सासूबाई डॉक्टरांकडे आहेत आणि मी इथे आहे, तो कोठडीत आहे आणि खऱ्या नव्यांना भोवळ येते. आज खडकावर कोणीही नाही. त्याला ठेवून घेणार असाल तर मला सोडा. मला ठेवून घेणार असाल तर त्याला सोडा. दोघांपैकी एकाला अंधाराच्या आत तिकडे पोचायला हवे. कोणाला, ते साहेबांनी सांगावे. माझी कशालाच हरकत नाही.

साहेबांनी बाहेर बाकावर बसलेल्या खऱ्या नव्यांना आत बोलावून विचारले. ते म्हणाले, "साहेब, कोठडीत घाला, पण तिथे पाठवू नका." साहेबांनी बंदर कचेरीत माणूस पाठवला. रविवार असल्याने कचेरी बंद होती. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी हवालदारांना विचारले, "आरोपी पळून जाईल का?"

हवालदार म्हणाले, "पळायचा असता तर आत्ता इथे नसता, साहेब."

साहेबांनी असे ठरवले की कप्तानाचे उत्तर येईपर्यंत आरोपीला हवालदारांच्या पहाऱ्यात, चौकशी चालू असलेला इसम म्हणून, दीपगृहावर ठेवावे. लाल पट्ट्याची होडी बंदरात जप्त राहावी. आणि मीही तिथेच, बोलावणे येईल तेव्हा हजर होण्याच्या अटीवर राहावे. दिव्याचे काम दोघांनी मिळून करावे. हवालदारांनी, आपल्याला पोहता येत नाही, एवढीच अडचण सांगितली. साहेब म्हणाले, "मग पाण्याजवळ जाऊ नका."

शेवटी कारकुनांनी विचारले की आजच्या तारखेला दिव्याचा ताबा कोणाकडे, असे लिहायचे. साहेबांनी माझ्याकडे बघितले. मी म्हटले, "ते उद्या लिहा, साहेब. सूर्य बराच खाली आलाय." साहेब म्हणाले, "मग उठा."

त्याप्रमाणे मी, तो आणि हवालदार आता होडीने निघत आहोत. हा जबाब कारकुनांनी धक्क्यापर्यंत माझ्यासोबत चालत येऊन वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. शेवटच्या दोन ओळी वाऱ्यामुळे नीट ऐकू आल्या नाहीत. त्याही बरोबर असतील असे धरून होडीत बसूनच सही करत आहे.

सही: दिवेवालीबाई
समक्ष: फौजदार, बंदर ठाणे